काळ्या-पांढऱ्यातला भगवा

डोळे मिटून स्वामी विवेकानंदांना आठवून पाहा. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी रंग येतो आणि माणूस मागाहून. भगवा फेटा, भगवा अंगरखा, छातीशी घडी घातलेले हात आणि समोरच्याच्या पार पलीकडे पाहणारी नजर. शाळेच्या कार्यालयात, गावच्या वाचनालयात, पतपेढीच्या कॅलेंडरवर आणि १२ जानेवारीच्या मिरवणुकीतल्या रथावर हेच चित्र आपण पाहत आलो आहोत. हा रंग त्यांच्यापासून वेगळा काढता येईल, असं कुणाच्या मनातही येत नाही.

स्वामीजींची छायाचित्रं मिळतील तिथं पाहत बसायचा मला जुना नाद आहे. त्यांची सुमारे शंभर छायाचित्रं आज उपलब्ध आहेत. कलकत्ता, बेळगाव, शिकागो, लंडन, मद्रास, काश्मीर, कॅलिफोर्निया, शिलाँग असा त्यांचा पसारा आहे. या शंभरातल्या एकाही छायाचित्रात तो भगवा रंग नाही. कॅलेंडरवरचा भगवा चित्रकारांनी आणि छापखानेवाल्यांनी मागाहून भरलेला आहे.

त्या काळी रंगीत छायाचित्रण नव्हतं, मग यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. स्वामीजींसमोर जे जे कॅमेरे उभे राहिले, त्यांच्यातल्या काचेच्या प्लेटला जगातले बाकीचे रंग निदान कमीजास्त उजळ-अंधुक तरी कळत होते. जो रंग तिला जवळजवळ कळतच नव्हता, तो होता तांबडा आणि त्याच्या घरचा भगवा. देशातला सगळ्यांत रंगीत संन्यासी समोर उभा आणि कॅमेऱ्यात त्याच्या रंगाला आंधळी असलेली प्लेट. असा हा जन्मभराचा योग होता.

लाल दिव्याचं गुपित

ज्यांनी जुन्या फोटो स्टुडिओत डोकावलं असेल, त्यांना डार्करूममधला लाल दिवा आठवत असेल. सगळा अंधार आणि कोपऱ्यात एक मिणमिणता तांबडा उजेड. तो दिवा तिथं चालायचा, कारण फोटोच्या कागदावर तांबड्या उजेडाचा परिणाम होत नसे. जुन्या काचेच्या प्लेटचंही तसंच होतं. तिच्यावरचं चांदीचं क्षार निळ्या आणि जांभळ्या प्रकाशानं लगेच बदलत असे, तांबड्यानं मात्र जागचं हलत नसे. म्हणून आपल्या पणजोबांच्या काळातल्या फोटोंमध्ये निळं आकाश कोरं पांढरं दिसतं आणि पणजीच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू काळं दिसतं. सावळा वर्णही असतो त्याहून काळवंडलेला दिसतो.

१८७३ मध्ये फोगेल नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला असं आढळलं, की प्लेटच्या थरात विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली तर तिला हिरवा आणि पिवळा रंगही दिसू लागतो. पुढं अशा सुधारलेल्या प्लेटा बाजारात आल्या, पण तांबड्यापुढं त्यांचेही डोळे मिटलेलेच राहिले. सगळे रंग पाहू शकणाऱ्या काळ्या-पांढऱ्या प्लेटा बाजारात आल्या त्या १९०६ मध्ये. लगेच पुढच्या वर्षी, १९०७ मध्ये, फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंनी रंगीत प्लेट विकायला काढली. तिची युक्ती तर स्वयंपाकघरातली होती. बटाट्याच्या पिठीचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगांत रंगवायचे आणि काचेवर पसरायचे. त्या कणांमधून गाळून आलेल्या प्रकाशातून रंगीत चित्र उमटायचं.

स्वामीजी गेले ४ जुलै १९०२ रोजी. बटाट्याच्या पिठीला पाच वर्षं उशीर झाला.

हिवऱ्याची पंगत

काळ्या-पांढऱ्या फिल्मपुढं रंगांचा पूर आला की काय होतं, ते मी एकदा जवळून पाहिलं आहे. तेही स्वामीजींच्याच नावानं चालणाऱ्या एका ठिकाणी.

बुलडाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम नावाचं गाव आहे. शुकदास महाराजांनी इथं विवेकानंद आश्रम उभा केला. २०१७ मध्ये महाराज गेले, पण आश्रमाचा उत्सव सगळ्या वऱ्हाडात ठाऊक आहे. स्वामीजींची जयंती इथं तिथीनं, म्हणजे पौष वद्य सप्तमीला धरून होते आणि उत्सवाची सांगता महापंगतीनं होते. पुरी आणि वांग्याची भाजी, एवढाच बेत. पण जेवणारी माणसं इतकी, की मोकळ्या शेतात ओळीच्या ओळी बसतात आणि वाढायला ट्रॅक्टर फिरतात.

नव्वदच्या दशकात एका वर्षी मी एका छायाचित्रकार मित्राबरोबर तिथं गेलो होतो. वर्तमानपत्राचं आतलं पान तेव्हा काळं-पांढरंच निघायचं, त्यामुळं त्याच्या कॅमेऱ्यात काळ्या-पांढऱ्या फिल्मचा रोल होता. छत्तीसपैकी दहा-बारा फोटो झाले असतील. तेवढ्यात पंगत बसली आणि समोर जे दिसलं त्यानं आम्ही दोघंही गप्प झालो. हिरवी, जांभळी, डाळिंबी लुगडी. गुलाबी आणि भगवे पटके. झेंडूच्या माळा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सोनेरी पुऱ्यांचे ढीग आणि वर हिवाळ्याचं निळं आभाळ. पिशवीत एक रंगीत रोल होता, पण कॅमेऱ्यातला रोल अर्ध्यावर गुंडाळायचा म्हणजे उरलेल्या फोटोंवर पाणी सोडायचं. शिवाय फिल्म बदलेपर्यंत पंगत थांबून राहत नाही. मित्रानं एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा पंगतीकडे, आणि आहे त्याच रोलवर तो फोटो काढत सुटला.

रोल धुऊन झाल्यावर ते फोटो मी पाहिले. रंग अर्थातच गेले होते. पण त्या राखाडी ओळींमध्ये मला अशी माणसं दिसली, जी त्या दिवशी शेतात दिसलीच नव्हती. एक म्हातारा पुरीवर हात ठेवून श्लोक सुरू व्हायची वाट पाहत होता. एक लहान पोर शेजारणीच्या पत्रावळीत आपल्यापेक्षा जास्त भाजी पडली का, ते तिरक्या नजरेनं पाहत होती. वाढणाऱ्या एका तरुणाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. शेतात असताना रंगांनी माझे डोळे दिपले होते. रंग गेल्यावर उरले ते चेहरे.

स्वामीजींच्या छायाचित्रांकडे मी तेव्हापासून जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागलो.

दहा रुपयांचा फोटो

नरेंद्रनाथ दत्तांचा जन्म कलकत्त्यातल्या सिमुलिया भागात १२ जानेवारी १८६३ रोजी झाला. वडील विश्वनाथ दत्त अ‍ॅटर्नी होते, घर खाऊनपिऊन सुखी होतं. आई भुवनेश्वरीदेवी. मुलगा गाणारा, व्यायाम करणारा, वादात कुणाला हार न जाणारा. १८८१ मध्ये त्याची रामकृष्ण परमहंसांशी भेट झाली आणि १८८४ मध्ये वडील अचानक वारले. मागं कर्जं निघाली, भाऊबंदकीचे दावे उभे राहिले. कालपर्यंत गाडीघोड्यात वाढलेला पदवीधर तरुण उपाशीपोटी अनवाणी पायांनी नोकरी शोधत कलकत्त्याच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागला. काही दिवस अ‍ॅटर्नीच्या कचेरीत काम, काही दिवस शाळेत मास्तरकी, असं करत घर चालत होतं. या दिवसांचा एकही फोटो नाही. उपाशी माणूस स्टुडिओत कशाला जाईल?

१८८६ च्या सुरुवातीला रामकृष्ण काशीपूरच्या बागेतल्या घरात आजारी होते. त्यांच्या शिष्यांपैकी थोराड वयाच्या गोपालांनी यात्रेला निघालेल्या साधूंना वाटण्यासाठी कावेत रंगवलेली वस्त्रं आणि रुद्राक्षाच्या माळा आणल्या होत्या. रामकृष्णांनी ती वस्त्रं आपल्या तरुण शिष्यांनाच द्यायला लावली. नरेंद्रला भगवं वस्त्र मिळालं ते असं, आजारी गुरूच्या खोलीत.

त्याच वर्षी १६ ऑगस्टला रामकृष्ण गेले. डॉक्टर महेंद्रलाल सरकारांनी फोटो काढून घ्यावा म्हणून दहा रुपये दिले. गुरूंच्या पार्थिवाभोवती उभ्या असलेल्या शिष्यांच्या त्या समूहचित्रात नरेंद्र आहे. वय तेवीस. आपल्याला मिळालेलं त्याचं पहिलं छायाचित्र ते हेच. पुढं जगभर पोहोचलेला हा चेहरा कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा आला तो शोकात.

निनावी पाहुणा

वराहनगरच्या पडक्या घरात मठ सुरू झाला आणि काही वर्षांनी नरेंद्र एकटाच देश पाहायला बाहेर पडला. भगवं वस्त्र हे संन्याशाचं सगळ्यांत मोठं लपणं असतं. गाव, घराणं, पदवी, नाव, सगळं त्याच्याखाली जातं. हा संन्यासी कुठं विविदिषानंद म्हणून राहिला, कुठं सच्चिदानंद म्हणून. काही ठिकाणी त्यानं नावच सांगितलं नाही.

१८९२ च्या उन्हाळ्यानंतर तो आपल्या मुलुखात आला. मुंबईत बॅरिस्टर रामदास छबिलदासांकडं काही आठवडे मुक्काम झाला. तिथून पुण्याला जाताना आगगाडीच्या डब्यात त्याची लोकमान्य टिळकांशी गाठ पडली. टिळकांनी या तरुण संन्याशाला आपल्या घरी नेलं. आठ-दहा दिवस तो तिथं राहिला. जवळ एक मृगाजिन, एक-दोन वस्त्रं आणि कमंडलू, पैसा एकही नाही. रात्री गीतेवर आणि वेदान्तावर बोलणं होई. नाव विचारल्यावर आपण संन्यासी आहोत, एवढंच उत्तर मिळालं. एक दिवस पाहुणा निघून गेला आणि आपल्या घरी कोण राहून गेलं, ते टिळकांना कळलं नाही.

कोल्हापुरात राणीसाहेबांची त्याच्यावर मोठी श्रद्धा बसली. काही तरी स्वीकारावं म्हणून त्यांनी फार आग्रह केला, तेव्हा त्यानं कसंबसं एक नवं भगवं वस्त्र घेतलं. कावेचा रंग पक्का नसतो. तो मातीचा रंग असतो, दर धुण्याला थोडा थोडा विटतो आणि पुन्हा कावेत बुडवावा लागतो. त्यामुळं कोल्हापूरचं ते वस्त्र नवं असताना कसं दिसलं असेल आणि कन्याकुमारीला पोहोचेपर्यंत त्याचं काय झालं असेल, हे चित्रकारांच्या एका ठरावीक भगव्यावरून आपल्याला कधीच कळणार नाही.

कोल्हापूरहून ऑक्टोबरात तो बेळगावला आला. आधी वकील सदाशिवराव भाट्यांकडं उतरला, मग वनखात्यातले अधिकारी हरिपाद मित्र यांच्याकडं. भाट्यांच्या घरच्यांना या पाहुण्याचं नवल वाटलं होतं. वस्त्राचा रंग संन्याशाचा, पण अंगात बनियन. हातात दंडाऐवजी साधी लांब काठी. जेवण झाल्यावर पान-सुपारी आणि तंबाखू मागणारा संन्यासी त्यांनी आजवर पाहिला नव्हता. आणि बोलायला लागला की पाणिनीच्या सूत्रांपासून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानापर्यंत कुठंच अडत नव्हता.

हरिपादबाबूंनी त्याचा फोटो काढून घ्यायचा हट्ट धरला. त्याची तयारी नव्हती. ज्यानं नाव टाकलं, घर टाकलं, त्यानं चेहरा तरी जपून कशाला ठेवायचा? पण यजमानांच्या आग्रहापुढं त्याचं चाललं नाही. बेळगावच्या एस. महादेव अँड सन या स्टुडिओनं तो फोटो काढला. भटकंतीच्या वर्षांतल्या मोजक्या छायाचित्रांपैकी ते एक आहे. प्लेटनं वस्त्राचा रंग घेतला नाही, घेतला तो त्या एकोणतीस वर्षांच्या माणसाचा चेहरा.

बेळगावहून तो गोव्याला गेला. राशोलच्या सेमिनरीत त्यानं ख्रिस्ती धर्मशास्त्राचे ग्रंथ पाहिले. पुढं म्हैसूरला महाराजांनी फोनोग्राफवर त्याचा आवाज मुद्रित करून घेतला, पण त्या मुद्रणातलं काही ऐकू येईल असं आपल्यापर्यंत पोहोचलं नाही. म्हणजे आवाज गेला आणि रंगही गेला.

शिकागोच्या रस्त्यावर

विवेकानंद हे नाव कायमचं झालं ते परदेशी जाण्याच्या सुमारास, खेत्रीचे राजे अजितसिंह यांच्या सुचवण्यावरून. शिकागोला घालायच्या रेशमी पोशाखाची सोयही खेत्रीकडूनच झाली. ३१ मे १८९३ रोजी स्वामीजी मुंबईहून बोटीत बसले. चीन, जपान, व्हँकुव्हर करत जुलैच्या अखेरीस शिकागोला पोहोचले, तर धर्मपरिषद सप्टेंबरात आणि प्रतिनिधींची नोंदणी बंद झालेली. हातातले पैसे भराभर सरत होते. तिथल्या रस्त्यांवर त्यांच्या अंगावरचा रंग पाहून पोरं मागं लागत, लोक टवाळी करत. शेवटी, रोजच्या वापराला लांब काळा कोट करून घ्यावा आणि भगवा पोशाख व्याख्यानापुरता राखून ठेवावा, असा विचार त्यांनी मित्रांना पत्रातून कळवला. ज्या रंगानं इथं नमस्कार मिळायचा, त्याच रंगानं तिथं हसं होत होतं.

हार्वर्डचे प्राध्यापक राइट यांच्या शिफारशीनं दार उघडलं आणि ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामीजी बोलले. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. वार्ताहरांनी भाषणाइतकंच पोशाखावर लिहिलं. कुणाला तो नारिंगी वाटला, कुणाला तांबडा, फेटा पिवळसर. त्याच वर्षीच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात राजा रविवर्म्यांची दहा तैलचित्रंही मांडलेली होती. भारताचा रंग शिकागोनं त्या वर्षी असा दोन्हीकडून पाहिला.

त्या सप्टेंबरातच थॉमस हॅरिसनच्या स्टुडिओत स्वामीजींचे फोटो निघाले. हातांची घडी घातलेला तो फोटो यांतलाच. मूळ फोटोत अंगरखा गडद राखाडी आहे. मग शिकागोच्या गोज लिथोग्राफिंग कंपनीनं त्यावरून रंगीत भित्तिचित्र छापलं. शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असतो. भगव्यासाठी कुठली शाई घोटायची, ते ठरवलं शिकागोच्या कारागिरानं. आज आपल्या कॅलेंडरवर जो भगवा दिसतो, त्याची वंशावळ त्या छापखान्यापाशी सुरू होते.

भित्तिचित्रानं रंगाबरोबर आणखी एक गोष्ट भरली. त्यात कुठंही शंका नाही, थकवा नाही, भूक नाही. महिनाभरापूर्वी हा माणूस पैसे मोजत होता आणि परिषदेच्या तोंडावर एक रात्र रेल्वेच्या आवारात झोपला होता, हे त्या चित्रावरून कुणालाही सांगता येणार नाही.

टिळकांना ओळख पटली

आता या साऱ्या हकिगतीतली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

१८९७ च्या सुरुवातीला स्वामीजी मायदेशी परतले. कोलंबोपासून कलकत्त्यापर्यंत त्यांचं स्वागत झालं आणि वर्तमानपत्रांतून त्यांची चित्रं छापून आली. पुण्यात टिळकांनी ती पाहिली. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्यांना वाटलं, पाच वर्षांपूर्वी आपल्या घरी राहून गेलेला तो निनावी पाहुणा हाच असला पाहिजे. त्यांनी पत्र लिहून विचारलं. स्वामीजींचं उत्तर आलं, तो मीच.

यात थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. टिळकांनी स्वामीजींना आठ-दहा दिवस प्रत्यक्ष पाहिलं होतं, भगव्या वस्त्रासकट. तेव्हा तो हजारो संन्याशांपैकी एक संन्यासी होता. तो नेमका कोण, हे उलगडलं वर्तमानपत्रातल्या काळ्या-पांढऱ्या चित्रावरून. रंग होता तेव्हा नाव लपलं होतं. रंग गळाला तेव्हा माणूस सापडला.

भगवं वस्त्र माणसाला वेगळेपणातून सोडवण्यासाठी असतं. ते घातलं की तू अमक्याचा मुलगा उरत नाहीस, संन्यासी होतोस. छायाचित्राची प्लेट मात्र त्या वस्त्राला आंधळी होती. तिनं ते जणू बाजूला सारलं आणि नाव-गाव टाकून निघालेल्या त्या एकाच माणसाला पुन्हा समोर उभं केलं. त्यांच्यासाठी ती चुकीची प्लेट असेल. आपल्यासाठी तिनंच त्यांना राखलं.

पुढचे चेहरे

म्हणून स्वामीजींची छायाचित्रं तारखेनं लावून पाहावीत, असं मी ओळखीच्यांना सांगत असतो. भगव्या चित्रांत त्यांचं वय वाढत नाही. काळ्या-पांढऱ्यांत मात्र ते भराभर वाढत जातं.

१८९६ च्या डिसेंबरातली लंडनची छायाचित्रं ऐन भराची आहेत. १ मे १८९७ रोजी त्यांनी रामकृष्ण मिशन स्थापन केलं. त्याच वर्षी मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या दुष्काळात गुरुबंधू अखंडानंदांनी उपाशी लोकांना धान्य द्यायला सुरुवात केली, तेव्हा स्वामीजींनी त्यांची पाठ थोपटली. १८९८ मध्ये कलकत्त्यात प्लेग आला. प्रकृतीसाठी दार्जिलिंगला गेलेले स्वामीजी तातडीनं परतले. पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न आला तेव्हा मठासाठी घेतलेली जमीन विकायची त्यांची तयारी होती. हिवऱ्याच्या शेतातली पंगत कुणाच्या नावानं का बसते, त्याचं उत्तर इथं आहे. भुकेल्याला वाढणं हीच त्यांच्या लेखी पूजा होती.

त्याच १८९८ मधलं काश्मीरचं एक छायाचित्र आहे. भगिनी निवेदिता, जोसेफाइन मॅक्लाउड, सारा बुल या शिष्या आणि स्नेही बाया त्यात आहेत. मग १९०० मधली कॅलिफोर्नियातली छायाचित्रं. त्यांतली काही सहलीतली आहेत, त्यांत व्यासपीठावरचा विवेकानंद कुठंच नाही. मोकळेपणी बसलेला एक पाहुणा आहे.

आणि शेवटी १९०१ मधलं शिलाँगचं. मधुमेह आणि दमा यांनी शरीर पोखरलं होतं. वय अडतीस. हे त्यांचं शेवटचं छायाचित्र मानतात. त्यात शिकागोची ऐट शोधू नये. थकलेला, जड झालेला, पण कुणापासून काही न लपवणारा चेहरा आहे. हे चित्र मी कुठल्याही कार्यालयाच्या भिंतीवर पाहिलेलं नाही, कॅलेंडरवर तर नाहीच. तरुणांना स्फूर्ती द्यायला ते उपयोगाचं नाही, असं बहुधा वाटत असावं. मला मात्र वाटतं, की आजारपणात नोकरी सुटलेल्या, परीक्षेत मागं पडलेल्या, घरच्या दाव्यांनी जेरीस आलेल्या एखाद्या तरुणानं शिकागोचं चित्र एकदा आणि शिलाँगचं दोनदा पाहावं. एवढं सगळं ज्यानं उभं केलं, त्याच्याही घरी भाऊबंदकी होती, त्यालाही श्वास पुरत नव्हता. भगव्या चित्रापुढं आपण हात जोडतो आणि पुढं जातो. या चित्रापुढं थांबावं लागतं.

दोन-तीन इंच

४ जुलै १९०२ च्या रात्री बेलूर मठात स्वामीजींनी देह ठेवला. चाळिशीही पुरी झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी गंगेकाठी चिता रचली गेली. देहावर घातलेलं भगवं वस्त्र निवेदितांनी ओळखलं. शेवटच्या भेटीत त्यांनी तेच स्वामीजींच्या अंगावर पाहिलं होतं. त्याचा एक तुकडा जोसेफाइन मॅक्लाउडसाठी ठेवून घ्यावा, असं त्यांच्या मनात आलं. मठातल्या संन्याशांची हरकत नव्हती. पण असं करणं योग्य होईल का, या विचारानं निवेदिताच थांबल्या आणि वस्त्र चितेवर गेलं.

संध्याकाळी, चिता विझत आलेली असताना, कुणी तरी बाही ओढावी तसं त्यांना वाटलं. खाली पाहिलं तर चितेतून वाऱ्यानं उडून आलेला त्या वस्त्राचा तुकडा पायाशी पडला होता. दोन-तीन इंचांचा.

ज्या रंगाला कुठल्याच कॅमेऱ्यानं टिपलं नाही, तो निवेदितांच्या हातात आला एवढाच. त्यांनी तो उचलून जपून ठेवला.